कोतवालीचा झाडा

सरकारी कचेऱ्यांतून लहानथोर सर्वांच्या तोंडीं असलेला एक शब्द म्हणजे ‘चार्ज’. जुना अधिकारी चार्ज देतो, नवा चार्ज घेतो. किल्ल्या, शिल्लक व दप्तरें ह्यांची याद होते, तिच्याखालीं दोन सह्या पडतात आणि काम संपतें. इंग्रजी अमलाबरोबर हा शब्द मराठींत आला आणि इतका रुळला कीं, त्यापूर्वीं ह्या प्रसंगाला आपल्या भाषेंत कांहीं नांव होतें कीं काय, असा प्रश्नहि आतां कोणाच्या मनांत येत नाहीं. नांव होतें, आणि तें चार्जापेक्षां पुष्कळच खोल अर्थाचें होतें. कामावरून दूर होणाऱ्या अंमलदारास, कारकुनास ‘झाडा’ द्यावा लागे. झाडा म्हणजे घेतलें किती, दिलें किती, उरलें किती आणि जें उरलें नाहीं तें गेलें कोठें, ह्याचा उलगडा. ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ झडती असा आहे; बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगाचा झाडा घेतात तो हाच. चार्जांत वस्तूंचा ताबा बदलतो. झाड्यांत माणसास उत्तर द्यावें लागतें.

हा फरक कोणत्याहि हुद्द्यास लागू पडेल. परंतु शहराच्या पोलीस-मुख्याच्या बाबतींत त्याचें महत्त्व विशेष आहे. खजिनदारानें गैर वर्तन केलें तर पैसा जातो. कोतवालानें केलें तर माणसाची मोकळीक, त्याची अब्रू आणि कित्येकदां त्याचा प्राणहि जातो. असा अधिकारी जागा सोडतांना कोणास आणि कशाचें उत्तर देऊन जातो, ह्यावरून त्या राज्याची पारख करावी. मुंबई शहरापुरती ही पारख करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. कारण १७७९ पासून १९४७ पर्यंतची तेथील पोलीस-मुख्यांची परंपरा बऱ्याच अंशीं नोंदलेली सांपडते. आणि त्या शहरांतील शिपाई, फिर्यादी, आरोपी व तमासगीर ह्या चारीहि वर्गांत मराठी माणसाचा भरणा पहिल्यापासून मोठा आहे.

मुंबईच्या बंदोबस्ताचा आरंभ इंग्रज शिपायांनीं झाला नाहीं, तर भंडारी लोकांनीं झाला. गव्हर्नर जेराल्ड आंजियर ह्याच्या कारकीर्दींत, म्हणजे १६७० नंतरच्या दोनचार वर्षांत, बेटांवरील भंडाऱ्यांची एक पलटण उभारण्यांत आली. जमीनदारांनीं माणसें पुरवावीं आणि माहीम, शिवडी व शीव येथें सुभेदारांनीं ठाणीं राखावीं, अशी ती व्यवस्था होती. शंभर वर्षें हा गाडा कसाबसा चालला. परंतु व्यापार वाढला, वस्ती दाटली, रात्रीं घरें फुटूं लागलीं. आणि १७७९ सालीं कौन्सिलानें जेम्स टॉड नांवाच्या गृहस्थास ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ नेमिलें. ह्या हुद्द्याच्या कायदेशीरपणाविषयीं ग्रँड ज्युरीनें लागलीच हरकत घेतली. तेव्हां दुसऱ्या वर्षीं हुद्द्याचें नांव बदलून ‘डेप्युटी ऑफ पोलीस’ असें ठेवण्यांत आलें. माणूस मात्र तोच राहिला. नांव बदलून हरकत मिटविण्याची ही युक्ति पुढील काळांतहि अनेकांस उपयोगी पडलेली आहे.

टॉडनें दहा वर्षें हें काम केलें आणि १७९० सालीं तो लांचलुचपतीच्या आरोपावरून न्यायासनासमोर उभा राहिला. त्या खटल्याची हकीकत मुंबईचा रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश ह्यानें मागाहून लिहून ठेविली आहे. टॉडविरुद्ध मुख्य साक्षीदार त्याच्याच तर्फेनें लांच गोळा करणारा एक हिंदी मनुष्य होता. अशा माणसाच्या शब्दावर इंग्रजास दोषी ठरविणें म्हणजे सर्व इंग्रजांस धोक्यांत घालणें होय, असा बचाव करण्यांत आला. मॅकिंटॉशचें त्यावर म्हणणें असें कीं, काळ्या दलालाची साक्ष अग्राह्य ठरविली म्हणजे गोऱ्या लुच्चास कायमचें अभय मिळालेंच. ज्युरीनें टॉडला दोषी ठरविलें. परंतु शिक्षा काय झाली? शब्दांची ताकीद, आणि राजीनामा देऊन घरीं जाण्याची मोकळीक! मुंबईच्या पहिल्या पोलीस-मुख्याचा पदत्याग तो हा असा.

ह्यानंतर एकच वर्षानें, १७९१ च्या ऑगस्टअखेर, घाटावर पुण्यास दुसऱ्या एका कोतवालाची कारकीर्द संपली. घाशीराम हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडेल त्यास अटक, पेठापेठांतून चावड्या, गुप्त बातमीदार, असा त्याचा कारभार कडक होता, आणि वरिष्ठांचें त्याच्याकडे लक्ष असण्यापेक्षां त्याच्यावर विश्वासच अधिक होता. त्यानें तैलंगी ब्राह्मणांचा एक जमाव कोंडून ठेविला आणि हवेवांचून त्यांतील वीसांहून अधिक माणसें गुदमरून मेलीं. नाना फडणीसांच्या वाड्यापुढें ब्राह्मणांचा समुदाय जमला. चौकशी होण्यापूर्वींच घाशीरामास लोकांच्या हवालीं करण्यांत आलें, आणि शहरांतून धिंड काढून त्याला दगडांनीं ठेंचून मारण्यांत आलें.

मराठी वाचकांस ही दुसरी कथा तोंडपाठ आहे. पहिली बहुधा ठाऊक नसते. आम्हांस त्या दोन्ही एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या असें वाटतें. पुण्यास शिक्षा झाली, पण न्याय झाला नाहीं: ज्या सरकारानें चौदा वर्षें त्या माणसास खुर्चीवर बसविलें, त्या सरकारानें आपला झाडा न देतां नोकराचा देह पुढें ढकलला आणि आपली सुटका करून घेतली. मुंबईस न्याय झाला, पण शिक्षा झाली नाहीं: साक्षीपुरावा, ज्युरी, निकाल, सर्व यथासांग झालें, आणि सरतेशेवटीं दोषी माणूस टोपी उचलून बाहेर पडला. पुण्याच्या जमावास कायदा नको होता. मुंबईच्या कोर्टास कायद्याचा शेवट नको होता. जबाबदार कारभाराला लागणाऱ्या ज्या दोन गोष्टी, त्यांतील एकेक एकेका शहरांत होती. दोन्ही एकत्र कोठेंच नव्हत्या.

मुंबईच्या बाबतींत मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तेथें त्या खटल्यापासून कोणी तरी कांहीं शिकलें. १७९३ च्या पार्लमेंटाच्या कायद्यानें ‘सुपरिंटेंडेंट ऑफ पोलीस’ हा नवा हुद्दा निर्माण झाला. पण सतरा वर्षांनीं पुन्हां तोच प्रकार घडला. १८१० च्या नोव्हेंबरांत सुपरिंटेंडेंट चार्ल्स ब्रिस्को ह्याच्यावर टॉडप्रमाणेंच लांचलुचपतीचा खटला उभा राहिला. ह्या वेळीं न्यायासनावर स्वतः मॅकिंटॉश होता. हा गृहस्थ केवळ न्यायाधीश नव्हे; १८०४ सालीं मुंबईस येतांच त्यानें तेथें साहित्यसभा स्थापिली होती, व तिच्यांतूनच पुढें तेथील एशियाटिक सोसायटी वाढली. त्याच्या दृष्टीस असें पडलें कीं, एक ब्रिस्को वाईट असणें हा मुळांत रोगच नव्हे. पकडणारा तोच, चौकशी करणारा तोच, फटके मारविणारा आणि हद्दपार करणारा तोच. आणि ह्या शिक्षा देण्यास कायद्याचा पुरता आधारहि नाहीं! असें पद देवदूतास दिलें तरी तो बिघडेल. १८११ सालीं हिंदुस्थान सोडून जाण्यापूर्वीं त्यानें ही हरकत सरकारापुढें स्पष्ट मांडली, आणि १८१२ मध्यें नवे नियम होऊन पोलिसांचें काम व मॅजिस्ट्रेटांचें काम ह्यांची कांहीं एक वांटणी झाली. व्यक्तीचा झाडा घेतां घेतां पदाचाच झाडा घेण्याची बुद्धि मुंबईच्या इतिहासांत प्रथम येथें दिसते.

ह्यानंतरच्या चाळीस वर्षांत सांगण्यासारखें थोडें आहे. शहर वाढत होतें, पोलीस दुबळे होते, आणि लोक आपापल्या पैशानें पहारेकरी ठेवीत होते. १८५५ सालीं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यानें चार्ल्स फोर्जेट ह्यास मुंबईच्या पोलिसांवर नेमिलें, आणि ह्या परंपरेंत पहिला असामान्य माणूस आला.

फोर्जेट हिंदुस्थानांत जन्मलेला होता. मराठी आणि हिंदुस्थानी ह्या भाषा तो इतक्या सफाईनें बोले कीं, वेष पालटला म्हणजे त्याला ओळखणें कठीण जाई. बाजारांत, गुत्त्यांत, मशिदींच्या आसपास तो स्वतः फिरे. त्याची एक आख्यायिका प्रसिद्धच आहे: आपण पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत गव्हर्नराच्या बंगल्यांत शिरून दाखवूं, अशी पैज त्यानें लॉर्ड एल्फिन्स्टनशीं मारली, आणि झाडूवाल्याच्या वेषांत तो थेट शेजघरांत जाऊन उभा राहिला. ही गोष्ट खरी असो वा नसो, ती लोकांस खरी वाटली, आणि पोलिसाच्या धंद्यांत तेवढेंहि पुष्कळ असतें.

१८५७ सालीं त्याच्या कर्तबगारीची कसोटी लागली. मुंबईंत गोरे शिपाई मूठभर होते, आणि मोहरमच्या गर्दींत काय होईल ह्याची कोणासच खात्री नव्हती. फोर्जेटनें पन्नास गोऱ्या स्वारांची एक तुकडी उभारली. पोलीस कचेरीच्या आवारांत वधस्तंभ उभा केला, आणि ज्यांच्याविषयीं संशय होता त्यांस बोलावून तो नुसता दाखविला. पुढें सोनापुराजवळ गंगाप्रसाद नांवाच्या माणसाच्या घरीं शिपायांच्या गुप्त बैठका होतात असें कळतांच त्यानें भिंतीला भोंकें पाडविलीं, आणि पलटणीचा गोरा अंमलदार बरोबर घेऊन त्यांतून सर्व बेत डोळ्यांनीं पाहिला व कानांनीं ऐकला. दिवाळींत उठाव करावयाचा असें ठरत होतें. १८५७ च्या १५ ऑक्टोबर रोजीं सय्यद हुसेन आणि मंगल ह्या दोघांस एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें.

ह्या प्रसंगीं आमच्यासारख्या वाचकाचें मन दुभंगतें, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. धंद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर फोर्जेटनें एका मोठ्या शहरांतील भयंकर रक्तपात टाळला. शिक्षा दोघांवर थांबली, शहर लुटलें गेलें नाहीं. आणि तरीहि ज्या मैदानावर ते दोघे उडविले गेले, त्याच परिसरांतील एक भाग आज आझाद मैदान ह्या नांवानें ओळखला जातो. एकाच मनुष्याची एकच कृति एका दप्तरांत कर्तव्य म्हणून आणि दुसऱ्या दप्तरांत अपराध म्हणून नोंदली जाते. अशा माणसाचा झाडा कोणीं घ्यावा?

प्रत्यक्षांत तो कोणींच घेतला नाहीं. १८६३ सालीं फोर्जेटची कारकीर्द संपली तेव्हां त्याच्या वांट्याला केवळ मानपत्रें आलीं. हिंदी व्यापाऱ्यांनीं कृतज्ञतापूर्वक त्याला मोठमोठ्या रकमा अर्पण केल्या. इंग्लंडांत त्यानें जें घर केलें, त्यास मुंबईचे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडिमनी ह्यांचें नांव दिलें असें सांगतात. आणि ताडदेवाच्या बाजूस ‘फोर्जेट स्ट्रीट’ ह्या रूपानें त्याचें स्वतःचें नांव मुंबईस राहिलें. हा मान खोटा नव्हता. पण फोर्जेटनें मागें काय ठेविलें, हा प्रश्न विचारला म्हणजे अडचण पडते. त्याची खरी शक्ति म्हणजे त्याची जीभ, त्याचे वेष आणि त्याचा धाक. ह्यांपैकीं एकहि वस्तु चार्जाच्या यादींत लिहितां येत नाहीं. असामान्य माणूस जाग्यावरून उठला म्हणजे जागा पूर्वींपेक्षांहि रिकामी दिसते, आणि त्याच्यामागून येणाऱ्याला पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मागून आला तो फ्रँक सूटर. १८६४ सालीं मुंबईचा पहिला पोलीस-कमिशनर म्हणून त्याची नेमणूक झाली. तत्पूर्वीं तो नगर जिल्ह्यांत पोलीस-सुपरिंटेंडेंट होता. त्या जागेचाहि इतिहास आहे: तिच्यावर पूर्वीं असलेला हेन्री हा अधिकारी भिल्लांचा पुढारी भागोजी नाईक ह्याच्याशीं नांदूर-शिंगोट्याजवळ लढतांना १८५७ सालीं ठार झाला होता, आणि १८५९ च्या नोव्हेंबरांत सूटरनें सिन्नर तालुक्यांत मिठसागर येथें भागोजीला गांठून त्याचा शेवट केला. असा लढाऊ माणूस मुंबईस आला तो अगदीं निराळ्या रणांगणावर. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचें सोनें झालें होतें; शेअरांच्या सट्ट्यानें शहर वेडें झालें होतें; १८६४ च्या खानेसुमारींत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली, आणि सट्टा कोसळल्यानंतर १८७२ मध्यें ती ६,४४,४०५ वर आली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणूस ओसरलें, असें हें शहर! त्यावर भिंतीला भोंकें पाडून नजर ठेवणें अशक्य होतें. तेथें खातें पाहिजे होतें, आणि सूटरनें चोवीस वर्षें खपून तें उभें केलें.

त्याच्या हाताखालीं अकबरअल्ली, मीर अब्दुलअल्ली असे हिंदी गुप्त-पोलीस अंमलदार नांवारूपास आले. १८७४ च्या नोव्हेंबरांत बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर ह्याला विष घालण्याचा प्रयत्न झाल्याचा बोभाटा उठला, तेव्हां तपासासाठीं सूटर हीच माणसें घेऊन बडोद्यास गेला. त्या तपासाच्या आधारें मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. सहा जणांच्या कमिशनांत तिघा इंग्रजांस पुरावा पटला. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव ह्या तिघांस तो पटला नाहीं. मल्हाररावांस अखेर गैरकारभाराच्या सबबीवर १८७५ सालीं पदच्युत करण्यांत आलें. राजाचा झाडा झाला. पण ज्या पुराव्यावर निम्में कमिशन विश्वास ठेवीना, तो पुरावा गोळा करणाऱ्या पोलिसांचा झाडा कोणीं मागितला नाहीं. १८७४ च्या फेब्रुवारींत मुंबईंत पारशी व मुसलमान ह्यांचा दंगा झाला, तेव्हांहि पोलीस वेळेवर हलले नाहींत अशी पारशी समाजाची तक्रार होती. तीहि हवेंतच विरली. सूटरला ‘सर’ ही पदवी मिळाली. १८८८ सालीं तो कामावरून दूर झाला आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें निलगिरींत वारला. चोवीस वर्षांच्या कारकीर्दीमागून विश्रांति अशी त्याला मिळालीच नाहीं.

एक साधा हिशेब येथें करून पाहावा. १८५५ पासून १८८८ पर्यंत तेहेतीस वर्षांत मुंबईनें दोन पोलीस-मुख्य पाहिले. १८८८ पासून १९१६ पर्यंत अठ्ठावीस वर्षांत पांच पाहिले: विल्सन, व्हिन्सेंट, केनेडी, गेल व एडवर्ड्स. ह्याच काळांत शहरावर एकामागून एक संकटें कोसळलीं. १८९३ च्या ऑगस्टांत हिंदु-मुसलमानांचा दंगा होऊन सुमारें ऐंशी माणसें मेलीं. १८९६ पासून प्लेगनें घरेंच्या घरें ओस पाडलीं. १९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्यांतील मजुरांनीं सहा दिवस संप करून रस्ते अडविले. माणूस लवकर लवकर बदलला तर काम जाणण्यापूर्वींच त्याची पाठवणी होते, आणि फार दिवस राहिला तर त्याच्यावांचून खात्याचें पान हालत नाहीं. मुंबईनें दोन्ही टोकें अनुभविलीं. १९०८ नंतर सरकारानें खात्याची पुनर्रचना हातीं घेतली, आणि पोलीस खात्याबाहेरचा, सिव्हिल सर्व्हिसमधील एक माणूस कमिशनर म्हणून आणला. तो एस. एम. एडवर्ड्स.

एडवर्ड्स हा ह्या मालिकेंतला लिहिणारा माणूस. ‘मुंबईचा उदय’ ह्या विषयावर त्यानें १९०२ सालींच पुस्तक लिहिलें होतें, आणि शहराच्या गॅझेटियराचे तीन भाग १९०९ च्या सुमारास त्याच्या हातून पुरे झाले. त्याच्या कारकीर्दींत मोहरमच्या मिरवणुकींचा प्रश्न निकालांत निघाला. वर्षानुवर्षें टोळ्या लाठ्या घेऊन निघत आणि अखेर गोळीबार होई. त्यानें १९११ च्या दंग्यानंतर परवान्यांचे नियमच बदलले आणि टोळ्यांचा धुमाकूळ बंद पाडला. फोर्जेटनें जें धाकानें केलें तें ह्यानें नियमानें केलें. आणि नियम पुढल्या माणसाच्या हातीं देतां येतो.

परंतु त्याची आमच्या दृष्टीनें मोठी कामगिरी निराळीच आहे. १९१६ सालीं कमिशनरची जागा सोडल्यानंतर त्यानें मुंबईच्या पोलिसांचा १६७२ पासूनचा इतिहास लिहिला, आणि तो १९२३ मध्यें प्रसिद्ध झाला. टॉड, ब्रिस्को, फोर्जेट, सूटर ह्यांच्याविषयीं आज आपण जें जाणतों त्यांतील पुष्कळसें ह्या लहानशा ग्रंथामुळें. एका पोलीस-मुख्यानें आपल्या पूर्वाधिकाऱ्यांचीं पापें व पुण्यें छापून काढावीं, ही गोष्ट सामान्य नव्हे. सह्यांच्या कागदापलीकडे जाऊन लिहिलेला, चार जणांनीं वाचावा असा झाडा मुंबईच्या कोतवालीनें प्रथमच दिला.

मात्र त्या ग्रंथाचीं प्रकरणें पाहिलीं म्हणजे एक उणीव डोळ्यांत भरते. फोर्जेटपासून पुढचीं सर्व प्रकरणें एकेका साहेबाच्या नांवानें आहेत. इतिहास म्हणजे मुख्यांची मालिका! वास्तविक साहेब येत होते व जात होते, आणि खातें चालत होतें तें रत्नागिरीकडच्या शिपायांवर. कोंकणांतून बोटीनें यावें, ओळखीच्या गांवकऱ्याच्या खोलींत पथारी टाकावी, निळा डगला व पिवळी टोपी चढवून नाक्यावर उभें राहावें, पगारांतून गांवीं मनिऑर्डर करावी आणि तीस वर्षांनीं हवालदार होऊन परत जावें, असा ह्या लोकांचा क्रम होता. कोणत्या गल्लींत कोण राहतो, कोणाचें कोणाशीं वांकडें आहे, हें साहेबाच्या फायलींत नसे, तें ह्यांच्या डोक्यांत असे. शिपाई निवृत्त झाला म्हणजे त्याचा पट्टा आणि बिल्ला परत घेत. त्याच्या डोक्यांतील शहर परत घेण्याची व्यवस्था कोणीं केली नव्हती. नव्या साहेबास जुन्या साहेबाकडून चार्ज मिळे. पण खरी ओळख त्यास ह्या माणसांकडूनच मिळत असे.

आणि हींच माणसें पुढें सर्वांत अवघड जागीं सांपडलीं. १९३० च्या चळवळींत लाठी उगारणारा हात आणि ती लाठी झेलणारें डोकें हीं दोन्ही पुष्कळदां एकाच जिल्ह्याचीं असत. त्या वर्षीं १२ डिसेंबरला काळबादेवीवर परदेशी कापडाची मोटार अडवितांना बाबू गेनू हा आंबेगांव तालुक्यांतला गिरणी-मजूर चिरडला गेला. ती मोटार पोलिसांच्या बंदोबस्तांत चालली होती. १९४६ च्या फेब्रुवारींत आरमारांतील खलाशांनीं बंड केलें, त्यांच्या पाठिंब्यास शहर उठलें, आणि लष्कराच्या व पोलिसांच्या गोळ्यांनीं दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. ह्या कशाचाहि उलगडा सरकारानें प्रजेपुढें केला नाहीं, कारण सरकार प्रजेचें नव्हतें. फोर्जेटच्या वेळचीं तीं दोन दप्तरें ऐंशीनव्वद वर्षांत एक झालीं नाहींत. उलट त्यांतील अंतर वाढत गेलें.

पुढें अठराच महिन्यांत तो दिवस आला. १९४७ च्या ऑगस्टांत शेवटचा इंग्रज कमिशनर ए. ई. कॅफिन ह्यानें मुंबईच्या पोलिसांचीं सूत्रें खालीं ठेविलीं आणि जे. एस. भरुचा ह्यांनीं तीं उचललीं. स्वतंत्र हिंदुस्थानांतील मुंबईचे ते पहिले पोलीस-कमिशनर. पावणेदोनशें वर्षांच्या ह्या परंपरेंत इतका मोठा बदल पूर्वीं झाला नव्हता, आणि इतक्या शांतपणें तर नव्हताच नव्हता. क्रॉफर्ड मार्केटासमोरची १८९६ पासूनची कचेरी तीच राहिली. १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा तोच राहिला. नाक्यावरचा शिपाईहि तोच राहिला. आदल्या दिवशीं तो ज्यांना अडवीत होता त्यांच्याच मिरवणुकीला दुसऱ्या दिवशीं तो वाट करून देऊं लागला.

हें स्थित्यंतर इतकें सुरळीत झालें ह्याचा अभिमान बाळगणें योग्यच आहे. त्याच सुमारास पंजाबांत काय झालें हें ज्यांना आठवतें ते मुंबईच्या ह्या शांततेस क्षुल्लक म्हणणार नाहींत. तरी पण आमच्या मनांत एक शल्य राहतें. त्या दिवशीं चार्ज पूर्ण झाला. झाडा मुळींच झाला नाहीं. १९३० ची लाठी कोणाच्या हुकुमानें चालली, १९४६ च्या गोळ्यांत मेलेल्यांचीं नांवें काय, कोणतें काम कर्तव्य म्हणून झालें आणि कोणतें केवळ मर्जी राखण्यासाठीं, हें कोणीं विचारलें नाहीं. जाणाऱ्यास जाण्याची घाई होती आणि येणाऱ्यास राज्य चालवावयाचें होतें. घाईच्या वेळीं हिशेब पुढें ढकलावा लागतो, हें आम्हांस समजतें. पण जुन्या दप्तराचा उलगडा न करितां तें नव्या मालकानें घेतलें म्हणजे त्यांतील जमेबरोबर खर्चहि त्याच्या नांवें पडतो. सरकारला मालक समजण्याची शिपायाची संवय आणि शिपायाला परका समजण्याची लोकांची संवय, ह्या दोन्ही गोष्टी त्या यादींत लिहिल्या नव्हत्या. तरी त्या यादीबरोबर आल्याच.

१९५१ सालीं मुंबई पोलीस कायदा नव्यानें झाला. पण पदाचा झाडा घेण्याचा मॅकिंटॉशनें काढलेला मुद्दा पुन्हां देशापुढें यावयास आणखी पंचावन्न वर्षें लागलीं, आणि तो पुढें आणला तोहि एका माजी पोलीस-मुख्यानेंच. प्रकाश सिंह ह्या सेवानिवृत्त पोलीस-महासंचालकांनीं १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि २२ सप्टेंबर २००६ रोजीं त्याचा निकाल लागला. राज्याच्या पोलीस-मुख्यास किमान दोन वर्षांची मुदत असावी, त्याची निवड केवळ मर्जीवर नसावी, तपासाचें काम बंदोबस्ताच्या कामापासून निराळें करावें, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यास स्वतंत्र प्राधिकरणें असावींत, असे आदेश त्यांत आहेत. पहिल्या दोहोंमुळें अधिकारी वेळेपूर्वीं उठविला जाऊं नये. शेवटच्यामुळें तो उत्तर दिल्यावांचून उठूं नये. टॉड आणि घाशीराम ह्यांच्या वेळेपासून ज्या दोन गोष्टी एकत्र येत नव्हत्या, त्यांस एकत्र आणण्याचाच हा प्रयत्न होय. आदेश कागदावर आल्यानें तो साधला असें मात्र कोणीं समजूं नये. निरनिराळ्या राज्यांनीं त्यांतून काढलेल्या पळवाटांची यादी करूं लागलों तर ती ह्या लेखाहून लांब होईल.

पोलीस-मुख्य बदलला म्हणजे वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रें येतात: एक हंसत देणाऱ्याचें, एक गंभीरपणें घेणाऱ्याचें. तीं पाहतांना आम्हांस घाशीरामही आठवतो आणि टॉडही. सोनापुराजवळची ती भिंत आठवते, आणि निळ्या डगल्यांतला तो कोंकणी शिपाईहि आठवतो. चार्ज देणें हें दोन अधिकाऱ्यांमधलें काम आहे आणि त्यास दोन सह्या पुरतात. झाडा मात्र तिसऱ्याला द्यावयाचा असतो. तो तिसरा, म्हणजे आपण, त्या कागदावर आपली सही मागत नाहीं, तोंपर्यंत सूत्रें बदलत राहतील आणि हिशेब तुंबतच राहील.